पांढऱ्या दोऱ्याखालची सही

शिरूरमध्ये माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. फॉल लावून मिळेल, पिको करून मिळेल, पदराला गोंडे बांधून मिळतील, असं बाहेर पाटीवर लिहिलंय. गळाच्या काठ्यांना दोरा गुंडाळून मिळेल, हे लिहिलेलं नाही. एकदा लिहिलं होतं. आठवडाभर बायका दाराशी थांबून पाटी वाचायच्या, हातातल्या शालूचा वास घ्यायच्या आणि पुढच्या दुकानात जायच्या. शेवटी मी ती ओळ पुसली. काठ्या मात्र राहिल्या, फॉलच्या गठ्ठ्यांमागे, कोपऱ्यात उभ्या.

या काठ्यांची गिऱ्हाइकं बायकांपेक्षा पुष्कळ लाजरी. पुरुषमाणूस लांब काठी घेऊन फॉल-पिकोच्या दुकानात शिरला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यातल्या त्यात सणसवाडीला खोल्या घेऊन राहणारे बंगालकडचे कामगार बरे. माझे यजमान तिथल्या एका कंपनीत सुपरवायझर, ते त्यांना पत्ता देतात. ते येतात, "दीदी, धागा टाइट" म्हणतात, काठी ठेवतात आणि बायकांच्या गर्दीकडे न बघता पळतात. आपली मंडळी मात्र आधी सांगणार, "बहिणीच्या साडीचं विचारायला आलो होतो." काठी पाठीमागे लपवलेली, तिचं टोक डोक्याच्या वर फूटभर दिसत असतं.

ही विद्या माझ्या मामांची. मामा दौंडला रेल्वेत फिटर होते. ड्यूटी सुटली की डबा घरी टाकायचे आणि भीमेवर जायचे. चाळीस वर्षं त्यांनी एकाच जागी बसून मासे धरले. बाजारातली तयार काठी त्यांना कधी पसंत पडली नाही. ते नुसती कोरी कांडी आणायचे. ही कांडी काळी आणि निमुळती असते, टोकाला काडीपेटीतल्या काडीएवढी बारीक. तिच्यावर सात-आठ कड्या बसवायच्या आणि तंगूस म्हणजे मासेमारीची नायलॉनची तार त्या कड्यांमधून ओवायची. कडीला चपटे पाय असतात. ते कांडीवर धरायला खिळा चालत नाही की स्क्रू. फक्त दोरा. फेऱ्याला फेरा चिकटून, मध्ये केसाएवढी फट नको, एकावर एक चढायला नको. आणि गाठ कुठेही नाही. सुरुवातीचं टोक पहिल्या पाचसहा फेऱ्यांखाली दाबून टाकायचं. शेवटच्या फेऱ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा एक फास ठेवायचा, आपलं टोक त्यात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक आपोआप फेऱ्यांखाली जाऊन बसतं. मग वरून दोन बाटल्यांतलं औषध समसमान मिसळून लेप द्यायचा. तो वाळला की काचेसारखा होतो, पाणी आत जात नाही.

निवृत्त झाल्यावर मामांचा हात हलायला लागला. चहाची कपबशी वाजायची. दोरा फेऱ्यावर चढायचा, ते उसवायचे, परत चढायचा. एकदा मी दौंडला गेले असताना त्यांनी काठी माझ्या मांडीवर टाकली.

"दोऱ्याचा धंदा तुझा. मग हे बी तूच कर."

"मामा, मी गोंडे बांधते. मला माशातलं काय कळतंय?"

"मासा कुठं बोलवलाय तुला? दोरा बघ."

मी बघितला. आणि खरं सांगते, गोंड्यांत मला वीस वर्षांत जे सुख मिळालं नव्हतं ते पहिल्या कडीला मिळालं. गोंडा बायका धुतात, पिंजतात, एकदा लग्न लागलं की विसरतात. कडीचा दोरा मात्र लेपाखाली गेला की जन्मभर तसाच. फेरे एकमेकांना भिडवायला मामा पितळेची दांडी वापरायचे. मी हातातली काचेची बांगडी काढली आणि तिच्या कडेने फेरे सारखे केले. मामांनी बांगडीकडे बघितलं, दांडीकडे बघितलं आणि दांडी खिशात घातली. कौतुकाची त्यांची रीत तेवढीच.

पहिल्याच काठीला मी एक पराक्रम केला. दोरा पांढराशुभ्र घेतला. काळ्या कांडीवर पांढरे फेरे, मोगऱ्याचा गजरा गुंडाळावा तसे. आणि लेप लावल्याबरोबर सगळा दोरा गायब. समोर नुसती काळी कांडी आणि तिच्यावर हवेत चिकटल्यासारखी कडी. मी किंचाळले. मामा हसले ते ठसका लागेपर्यंत. मग समजलं की नायलॉनचा दोरा लेप पितो आणि त्याचा रंग मरतो. पांढरा तर काचच होतो. रंग टिकवायचा तर आधी त्याला एक दुधी पाणी पाजावं लागतं, ते वाळलं की लेप आत शिरत नाही. मामांना हे माहीत होतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं.

"येकदा चुकलं की ध्यानात ऱ्हातं," ते म्हणाले.

राहिलं. पुढे त्या चुकीने जे काम केलं ते मामांनाही सुचलं नसतं.

आता अध्यक्षांकडे वळते. ते कशाचे अध्यक्ष, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. पूर्वी ते एका सहकारी संस्थेचे अध्यक्ष होते. संस्था बसली, अध्यक्ष उभे राहिले, आणि तेव्हापासून उभेच आहेत, दर निवडणुकीला. दौंडजवळ भीमेच्या काठी त्यांनी बंगला बांधला. त्याला ते कृषी पर्यटन केंद्र म्हणतात. शेती म्हणाल तर पुढची हिरवळ. आणि नदीकडे उतरणारी जी जुनी पायवाट होती, जिच्यावरून धुणं घेऊन बायका जायच्या, म्हशी जायच्या आणि माझे मामा जायचे, तिच्या तोंडाशी त्यांनी लोखंडी फाटक बसवलं. वर पाटी: पर्यटकांसाठी राखीव.

मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसरी वाट लांबच्या वळणाची, शेवटी मातीचा कडा उतरायचा. एकदा गेले, घसरले, आणि बसल्या बसल्या नदीपर्यंत पोचले. तसेच चिखलाने माखलेले घरी आले. त्यानंतर घरातच. दिवसभर खिडकीत बसून स्टेशनवरच्या घोषणा ऐकायच्या आणि प्रत्येक गाडीला शिव्या घालायच्या. गाड्या संपल्या की मामीला. मामीने मला फोन केला.

"बाई, याला नदीवर न्हे. न्हाईतर मला तुझ्याकडं न्हे."

"मामी, फाटकाला कुलूप आहे."

"मग कुलूप काढ. एवढे दोरे गुतवतीस, एक कुलूप निघत न्हाई व्हय तुझ्यानं?"

अशी आज्ञा झाल्यावर मी काय करणार? संधीची वाट बघत बसले. संधी स्वतःच्या पायांनी दुकानात आली.

अध्यक्षांचा एक कार्यकर्ता आहे. युवा आघाडीचा प्रमुख. मी लग्न होऊन शिरूरला आले तेव्हाही तो युवा होता, आता माझे केस पिकले तरी तो युवाच आहे. मध्यंतरी त्याने मुलीचं लग्न केलं, यवतजवळ कासुर्डीला दिली. सासरे झाले तरी युवा. तो पांढरा कडक शर्ट घालून, गॉगल डोक्यावर सरकवून दुकानात शिरला. दुकानात चार बायका.

"ताई, जरा पर्सनल बोलायचंय."

"साडीचं असेल तर इथंच बोला, सगळ्या घरच्याच आहेत."

"साडीचं न्हाई ओ. साहेबांना काठी पायजे."

एक म्हातारी लगेच म्हणाली, "झालं का वय एवढं?"

हशा ओसरल्यावर कळलं ते असं. पर्यटन केंद्राचं उद्घाटन आहे. त्यात गळ टाकून मासे धरण्याची स्पर्धा ठेवलीय. पहिला गळ अध्यक्ष टाकणार. त्यासाठी त्यांना खास काठी पाहिजे, आणि तिच्यावरचा दोरा पक्षाच्या रंगांचा. दोन रंग. कोणते ते मी सांगत नाही, मला याच भागात दुकान चालवायचंय.

मजुरी विचारली. मी म्हटलं, "मजुरी नको. काठी झाली की नदीच्या फाटकाची एक किल्ली द्यायची. माझ्या मामांना."

त्याने तिथूनच अध्यक्षांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून भरदार आवाज आला, "ताई, किल्ली काय मागता? अख्खं कुलूप घ्या! मामा म्हंजी आपले मामा. नदी कुणाच्या बापाची हाय का?"

नदी कुणाच्या बापाची नाही हे फाटकाच्या आतून ऐकायला फार गोड वाटतं.

मी कामाला लागले. दोऱ्याला ताण लागतो. मामा त्यासाठी रेल्वेचं जुनं जाडजूड टाइमटेबल वापरायचे. दोरा त्याच्या पानांमधून घ्यायचा, वर वजन ठेवायचं, म्हणजे तो घट्ट येतो आणि सारखा येतो. माझ्याकडे टाइमटेबल नव्हतं. अध्यक्षांच्या त्या बसलेल्या संस्थेचा शेवटचा वार्षिक अहवाल होता. वर त्यांचा हसरा फोटो, आत गुळगुळीत कागद. दोरा त्यातून सरसर यायचा. त्या अहवालातून सरळ बाहेर आलेली ही एकच गोष्ट असावी.

लेप लावल्यावर काठी हळूहळू फिरत ठेवावी लागते, नाहीतर औषध ओघळून खाली थेंब धरतं. गणपतीच्या मागे जे रंगीत चक्र फिरतं, त्याची मोटर मी काढून ठेवली होती. तिला काठी बांधली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पक्षाचे दोन्ही रंग माझ्या दुकानात गरगर फिरत होते. गिऱ्हाइक बायका कौतुकाने बघत होत्या. एकीने सवयीने हातही जोडले.

काठी वाळली. मी परकराच्या कापडाची लांब पिशवी शिवली, काठी तिच्यात घातली आणि दौंडच्या एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, या पोरीचं हाफ काढू का?" मी म्हटलं, "काढा, पण तिला खिडकी पाहिजे." बंगल्यावर पोचले तर तिथे वेगळेच झेंडे. माळी शिडीवर चढून जुने काढत होता आणि कार्यकर्ता खाली उभा राहून नवे देत होता.

"ताई, सकाळीच प्रवेश झाला," तो म्हणाला. चेहऱ्यावर पेढ्याचा चुरा. "तत्त्वाचा प्रश्न होता."

"आणि काठी?"

त्याने पिशवी उघडली, काठी बघितली आणि पटकन बंद केली, जणू आत नाग होता.

"अहो झाका, झाका! दोरा बदला तेवढा. साहेबांनी हे बघितलं तर जीव घेतील माझा."

"किल्ली?"

"रंग झाला की किल्ली. साहेबांचा शब्द हाय."

मी फाटकापाशी जाऊन आले. पलीकडे धुण्याचा दगड दिसत होता, मामांची सपाट जागा दिसत होती. कुलूप चांगलं मुठीएवढं. मामांना काय सांगायचं याचा विचार करत त्यांच्या घरी गेले. त्यांनी हात पुढे केला. पिशवीतून काठी काढली, डोळ्याजवळ नेली आणि एकेक कडी फिरवून बघितली.

"काम चांगलं हाय. उसवणार व्हय हे?"

"उसवते. नवा पक्ष झालाय."

"ह्येला रंग बदलायचा व्हता तर आधी सांगायचं न्हाई का? पायजे तर सरड्याचंच कातडं गुंडाळलं असतं आपण."

लेप दिलेला दोरा काढणं हे गुंडाळण्यापेक्षा वाईट काम. केस वाळवायच्या यंत्राने गरम करायचं, ब्लेड आडवं धरून फक्त कडीच्या पायावर चीर द्यायची, कांडीला ब्लेड लागता कामा नये. मग नखाने सोलायचं. चार दिवस माझ्या नखांत अध्यक्षांचा जुना पक्ष अडकलेला होता. मग नवे दोन रंग आणले. परत दुधी पाणी पाजलं, परत अहवाल, परत बांगडी, परत लेप, परत गणपतीची मोटर. यजमान कंपनीतून आले, फिरणाऱ्या काठीकडे बघून म्हणाले, "आमच्याकडं याला रिवर्क म्हणतात. तीनदा झालं की माल भंगारात टाकतात."

"काठी की अध्यक्ष?"

"मी फक्त मालाचं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता हजर. या वेळी गॉगल डोळ्यांवर. खुर्चीत बसला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, थांबा. वाळवू नका."

"वाळली."

"आरारारा. मुंबईत बैठक चालूय. साहेब एकतर हितंच ऱ्हातील, न्हाईतर परत घरी जातील, न्हाईतर..." त्याने तिसरं बोटही वर केलं. "येत्या रविवारी उद्घाटन. तवापतूर काय ते ठरंल का न्हाई, देवाला माहीत. असा रंग लावा ना, की कुठंबी चालंल."

आत्तापर्यंत मला खरंच राग आला नव्हता. मजा येत होती. पण त्या सकाळी मामीचा फोन आला होता. मामा आता घोषणाही ऐकत नाहीत, म्हणाली. खिडकी लावून घेतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. मी कार्यकर्त्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पहिली काठी आली, किंचाळायला लावणारी. काळी कांडी, आणि दोऱ्याचा पत्ता नाही.

"आहे तसा रंग," मी म्हटलं. "पांढरा. शांततेचा. सगळ्यांना चालतो."

"पांढरा! अहो, भारी!"

"आणि मुठीच्या वर साहेबांची सही घेऊ. पातळ कागदावर सही, तिच्यावर दोरा, वर लेप. मोठ्या लोकांच्या काठ्यांवर असते तशी."

त्याचे डोळे चमकले. सही या गोष्टीवर साहेबांच्या सगळ्या गोटाचा फार विश्वास.

आमच्याकडच्या पुढाऱ्यांची एक रीत आहे. ते सकाळी अंगणात येतात, लोक रांगेत उभे असतात, प्रत्येकाच्या हातात शिफारशीचं पत्र. कुणाला बदली पाहिजे, कुणाला दाखला, कुणाला पोराला कंपनीत चिकटवायचंय. पत्र लिहून लोकच आणतात. पुढारी एका कानाला फोन लावून, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करत जातात. वाचत बसले तर रांग संपणार कधी? आणि पत्राचा उपयोग होणार नाही हे सही करणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. वाचायचं कशाला?

मी त्या रांगेत उभी राहिले. नव्या साडीच्या घडीत जो पातळ, आरपार दिसणारा कागद येतो त्याची एक पट्टी कापली होती. तिच्यावर माझ्या स्वच्छ अक्षरात काळ्या शाईने लिहिलं होतं: "नदीकडे जाणारी आमच्या बंगल्याशेजारची वाट सर्वांसाठी कायम खुली राहील." खाली सहीची जागा सोडली होती. लपवाछपवी काहीही नाही. वाचता येणाऱ्या माणसाला एका दमात वाचता आलं असतं.

अध्यक्ष फोनवर कुणाला तरी निष्ठा म्हणजे काय ते समजावत होते. मी पट्टी बॉनेटवर ठेवली. त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "कुणाची बदली हाय?"

"काठीसाठी सही, साहेब. पण आधी वाचून घ्या."

"ताई, तुमचं काय वाचायचं! घरच्या तुम्ही." आणि सही केली. चांगली ऐसपैस, खाली दोन रेघा आणि टिंब.

त्या दोन रेघांवर मी आजही खूश आहे.

परत सगळं उसवलं. कांडी स्पिरिटने पुसली. पट्टी मुठीच्या वर अलगद चिकटवली, आणि पांढरा दोरा. दुधी पाणी पाजलं नाही. अहवालातून दोरा ओढत होते तेव्हा कव्हरवरचे अध्यक्ष माझ्याकडे बघून हसत होते, मीही हसले. शेवटचा फास ओढला तेव्हा मुठीवर नुसता पांढरा पट्टा होता. कागद नाही, सही नाही, काही नाही. कार्यकर्त्याने मोबाइलवर फोटो मागवला. मी पाठवला. त्याचं उत्तर आलं: हात जोडलेले तीन, फुलं पाच.

मग मी ब्रश लेपात बुडवला.

आधी दोरा विरघळल्यासारखा झाला. मग कागद गेला. आणि काळ्या कांडीवर काळी शाई काय दिसणार, हा विचार मला तेव्हा सुचला म्हणावं तर तसं नाही. पट्टीखाली मी चंदेरी रंगाचा एक हात आधीच देऊन ठेवला होता. एवढी वर्षं काय फक्त फॉल लावलेत? अक्षर अन् अक्षर वर आलं, पाण्यातून मासे वर यावेत तसं. खाली सही, दोन रेघा, टिंब. यजमान चष्मा लावून जवळ आले, वाचलं, चष्मा काढला.

"आपण गाव कधी सोडायचं?"

"रविवार होऊ द्या."

रविवारी बंगल्यापुढे मांडव होता. झेंडे नव्हते, नुसत्या पताका, सगळ्या रंगांच्या. बैठक अजून चालूच होती म्हणायची. मामांना मी जवळजवळ उचलून आणलं. मांडवात आजूबाजूच्या वस्तीवरची झाडून सगळी माणसं होती, कारण जेवण होतं. धुण्याच्या बायका होत्या, म्हशीवाले होते. कार्यकर्ता माइकवर. त्याने माझ्या हातातून काठी घेतली, परकराच्या कापडाची पिशवी झोकात उपसली आणि मुठीपाशी त्याला लिखाण दिसलं. त्याला वाटलं, मी साहेबांवर चारोळी केलीय.

"मित्रहो! या काठीवर खुद्द साहेबांच्या सहीने काय लिहिलंय बघा!" आणि दम घेऊन, शब्द ओढत, माइकला तोंड लावून त्याने ते सगळं वाचलं. "...सर्वांसाठी कायम खुली राहील!"

राहील हा शब्द म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली आला. तोपर्यंत उशीर झाला होता. एक म्हातारी धुण्याच्या बायकांतून उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग सगळा मांडव. एक म्हशीवाला ओरडला, "साहेब आगे बढो!" लोक फाटकाकडे बघायला लागले.

मी अध्यक्षांकडे बघत होते. एवढ्या कमी वेळात एवढं काही घडताना मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. काठी हातात घेतली, अक्षरं वाचली. अंगठ्याने सही घासून बघितली. जाईना. नख लावलं. लेपावर नख घसरलं. मग मान वर केली तेव्हा ते पूर्ण हसत होते. अहवालावर होते तसेच.

"बांधवांनो," ते म्हणाले, "ही माझी भूमिका पहिल्यापासूनच हाय. आज फक्त लोकांपुढं आणली. उघडा रे फाटक!"

टाळ्या. हार. सगळे फाटकापाशी. आणि किल्ली सापडेना. कार्यकर्ता सगळे खिसे चाचपून अध्यक्षांच्या कानाशी लागला. मी अगदी जवळ होते म्हणून ऐकू आलं.

"साहेब, किल्ली त्या मॅनेजरकडं ऱ्हायली. त्यो आपल्यासंगं आला न्हाई. त्यो जुन्याच पक्षात हाय."

शेकडो माणसं, हार घातलेलं फाटक आणि मुठीएवढं कुलूप. अध्यक्षांचा हात हवेतच. तेवढ्यात मागून आवाज आला, "सरा बाजूला." मामा. रेल्वेची जुनी खाकी पिशवी त्यांच्या खांद्याला असते, निवृत्तीनंतरही. तिच्यातून त्यांनी लोखंड कापायची करवत काढली. हात थरथरत होता. कुणीतरी म्हणालं, "आबा, हात हलतोय, ऱ्हाऊ द्या."

"करवतीला हललेलाच हात लागतो रं," मामा म्हणाले आणि कापायला बसले.

फोटोग्राफरने सांगितलं म्हणून अध्यक्षांनी कुलपाला हात लावून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सगळीकडे गेला तो फोटो: अध्यक्ष स्वतःच्या फाटकाचं कुलूप तोडताना. मामा त्यात कोपरापासून पुढे आलेत.

पहिला गळ अध्यक्षांनी टाकला. तो बाभळीत अडकला. काठी आता बंगल्याच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात आहे. त्यानंतर त्यांनी आणखी एकदा तत्त्वासाठी पक्ष बदलला, पण दोरा बदलायला कुणी आलं नाही. नसलेल्या रंगाचं काय बदलणार? फाटक कायम उघडं. त्याला म्हशी पाठ घासतात.

मी महिनाभराने दौंडला गेले तर मामी एकटी, टीव्ही बघत, सुखात. मामा नदीवर. मी पायवाटेने उतरले. ते त्यांच्या सपाट जागी, गुडघा लांब करून, पाण्याकडे बघत बसले होते. शेजारी डब्यात दोन मरळ. मी जवळ बसले. मला वाटलं, आता तरी काही म्हणतील.

"त्या बंगल्यातली काठी परवा बघून आलो," ते म्हणाले. "आत जाऊ देतात आता."

"मग? कशी वाटली?"

"तिसऱ्या कडीपाशी एक फेरा वर चढलाय."

"मामा, दोरा तर दिसतच नाही!"

"तुला दिसत नसंल," मामा म्हणाले आणि गळ वर ओढून पाहिला.